शाळेच्या बास्केटबॉल कोचची कारकीर्द मोजायची कशी?

निनाद_गिरगाव

मंडळी, जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

आमच्या शाळेचे बास्केटबॉलचे सर यंदा मे महिन्यात थांबताहेत. (शाळेचं आणि सरांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सरांना असलं काही आवडत नाही.) माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सत्काराची तयारी चालू आहे आणि मानपत्राचा मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. मी विचारलं, सरांच्या काळात आपण काय काय जिंकलं त्याची यादी द्या रे. यादी आली ती अशी: आंतरशालेय स्पर्धेत एकदा उपविजेतेपद, काही वेळा उपांत्य फेरी, दोन-चार मुलांची विभागीय निवड. संपली यादी. एकजण म्हणाला, "एवढ्यावर मानपत्र? अर्धं पानसुद्धा भरणार नाही." त्यावर दुसरा भडकला आणि मग पहाटेपर्यंत जे व्हायचं ते झालं.

त्या भांडणात कुणीतरी मॉर्गन वूटन यांचं नाव काढलं. अमेरिकेत मेरीलँडमध्ये डीमॅथा नावाची कॅथलिक शाळा आहे, तिथले हे कोच. १९५६ ते २००२, एकच शाळा. १२७४ विजय, १९२ पराभव. वर्गात इतिहास शिकवायचे आणि संध्याकाळी जिममध्ये. १९८० साली नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठानं बोलावलं, तर गेले नाहीत. २००० साली बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत) गेले, तेही केवळ शाळेचे कोच म्हणून. २०२० च्या जानेवारीत वारले.

त्यांचा सगळ्यात गाजलेला सामना ३० जानेवारी १९६५ चा. समोर न्यूयॉर्कची पॉवर मेमोरियल शाळा, सलग ७१ सामने जिंकलेली. त्यांच्याकडे सात फुटी ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावानं जगप्रसिद्ध खेळाडू झाला तो. त्याच्या हातावरून शॉट मारायची सवय व्हावी म्हणून वूटननी सरावात बचाव करणाऱ्या पोरांच्या हातात टेनिसची रॅकेट दिली, वर धरून उभं राहायला. डीमॅथा जिंकली, ४६-४३.

माझं मत सांगतो. वूटन मोठे झाले ते एका जागी ४६ वर्षं टिकले म्हणून. आपल्याकडे मुंबईत शाळा कोचला टिकूच देत नाहीत, मग वारसा कसला आलाय? पटत असेल तर अनुभव लिहा, नसेल तर भांडा.

पावभाजी_प्रेमी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पुढच्याच प्रतिसादात क्रिकेट येणार, पैज लावा.

शिवाजीपार्ककर

जिंकलात पैज. अहो, शाळेचा कोच म्हटल्यावर आचरेकर सर सोडून दुसरं नाव घ्यायचं तरी कुणाचं? स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळलेला माणूस. शारदाश्रमची पोरं घडवली. फेब्रुवारी १९८८, शालेय क्रिकेटची हॅरिस शील्ड, सेंट झेवियर्सविरुद्ध सचिन-विनोदची नाबाद ६६४ ची भागीदारी. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे, बाद करणाऱ्याला नाणं, दिवसभर नाबाद राहिला तर सचिनला नाणं. १९९० ला द्रोणाचार्य, २०१० ला पद्मश्री, आणि आता शिवाजी पार्कात स्मारकसुद्धा झालं. मोजायची कशी म्हणता? अशी मोजायची.

निनाद_गिरगाव

आचरेकर सरांबद्दल दुमत नाहीच. पण तुम्ही कोच मोजताय तो शिष्याच्या उंचीवरून. सचिन बास्केटबॉलकडे वळला असता तर त्याच्या सरांचं नाव आज कुणाला ठाऊक असतं? भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये एकदाच खेळलाय, १९८० ला मॉस्कोत. त्या संघातल्या दोघांची नावं सांगा. गूगल न करता.

पावभाजी_प्रेमी

शून्य.

दोनटाकीवाला

अजमेर सिंग. एक झालं. बाकी रात्री लिहितो, दुकानात आहे.

जर्सीसिटीकर_अमोल

निनाद, "टिकला म्हणून मोठा झाला" यावर थोडा वेगळा मुद्दा. मी जर्सी सिटीत राहतो. इथले बॉब हर्ली सिनियर म्हणजे वूटनच्याच तोलाचं नाव. सेंट अँथनी ही छोटी कॅथलिक शाळा, गरीब वस्तीतली पोरं. हर्ली यांची दिवसाची नोकरी प्रोबेशन ऑफिसरची, म्हणजे कोर्टानं देखरेखीखाली सोडलेल्या लोकांवर लक्ष ठेवायचं काम. १९७२ पासून शाळेचे मुख्य कोच, पंचविसाहून जास्त राज्य विजेतेपदं, २०१० ला हॉल ऑफ फेम.

आता गंमत ऐका. शाळेला स्वतःचं जिम नव्हतं. कित्येक वर्षं सराव चालायचा तो व्हाइट ईगल हॉल नावाच्या बिंगो हॉलमध्ये. म्हणजे लोक पैसे लावून आकड्यांचा खेळ खेळायला यायचे त्या जागी, वाकड्यातिकड्या लाकडी जमिनीवर देशातला एक सर्वोत्तम शालेय संघ सराव करायचा.

आणि २०१७ साली शाळाच बंद पडली. पैसे नाहीत. कोच शेवटपर्यंत जागचा हलला नाही, शाळाच गेली. म्हणून माझं म्हणणं, टिकणं हे काही कोचच्या एकट्याच्या हातात नसतं, अमेरिकेतसुद्धा.

अवांतर: धाकटा मुलगा डॅन हर्ली कनेटिकट विद्यापीठाचा कोच, २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं. थोरला बॉबी आधी ड्यूक विद्यापीठाचा खेळाडू, नंतर कोच. घराणंच म्हणायचं.

शिवाजीपार्ककर

बिंगो हॉलमध्ये पंचविसाहून जास्त विजेतेपदं आणि आमच्या सोसायटीच्या कमिटीला पोडियमवर रिंग लावायला तीन सभा लागल्या. शेवटी लावली नाहीच.

विदुला_दादर

मी शाळेत चार वर्षं खेळले, नव्वदच्या दशकात. मुलींचा संघ. शाळेला कप वगैरे मिळाला नाही, त्यामुळे शिवाजीपार्ककरांच्या हिशेबात आमचे सर बसायचे नाहीत.

आमचं कोर्ट सिमेंटचं, एका कोपऱ्यात उतार. पाऊस थांबला की त्या कोपऱ्यात तळं. स्पर्धा नेमक्या ऑगस्ट-सप्टेंबरात. सर आमच्या आधी येऊन खराट्यानं पाणी लोटत असायचे. मग गोणपाट टाकायचे, ते भिजलं की दोघींनी दोन टोकं धरून पिळायचं, पुन्हा टाकायचं. अर्धा तास त्यात जायचा. तेवढ्या वेळात त्यांचं कोचिंग चालू: "पिळताना गुडघे वाकव, कंबर नको. डिफेन्सला असंच उभं राहायचंय." तळं पुरतं सुकलं नाही तर त्या बाजूला लेअप (धावत जाऊन रिंगजवळून टाकायचा शॉट) बंद, फक्त उभ्यानं शॉट. मला आजही डाव्या बाजूचा लेअप जमत नाही, त्याचं खापर मी त्या कोपऱ्यावर फोडते.

मुलींना संध्याकाळी उशिरापर्यंत थांबवायचं नाही असा शाळेचा नियम होता. सर प्रत्येकीच्या घरी जाऊन आईशी बोलले. वडिलांशी नाही, आईशी. त्याचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हाला कळायचं ते कळलं. मग आयांनी पाळ्या लावल्या. माझी आई मंगळवारी कोर्टच्या कट्ट्यावर भाजी निवडत बसायची. वर्षभरानं तिला फाउल कळायला लागले. रेफरीला ओरडायची.

निनाद, मानपत्रात असलं काही लिहा की.

चष्मेबद्दूर_७८

विदुलाताई, आई रेफरीला नक्की काय ओरडायची तेवढं सांगा.

विदुला_दादर

"तिनं धक्का दिला ना! मेल्या, डोळे कुठे आहेत?" बहुतेक वेळा धक्का आमच्याचकडून असायचा.

शिट्टीवाला

मी कोच आहे. अजून चालू आहे, म्हणून नाव-गाव लिहीत नाही.

निनादभाऊंचा मुद्दा अर्धा बरोबर. शाळा टिकू देत नाहीत असं नाही, परवडू देत नाहीत. लोकांना वाटतं पीटीचे सर आणि कोच एकच. नाही हो. पीटीचे सर शाळेच्या पटावर, पगार, पीएफ, सुट्ट्या. कोच बहुतेक ठिकाणी मानधनावर, नाहीतर शाळेनं कंत्राट दिलेल्या एजन्सीचा माणूस. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मानधन बंद. परीक्षेचा महिना, बंद. पुढच्या वर्षी एजन्सी बदलली की नवा कोच, त्याच पोरांना पुन्हा पहिल्यापासून पिव्हट (एक पाय जागेवर ठेवून वळणं) शिकवणार.

माझा दिवस सांगतो. सकाळी साडेसहाला एक शाळा, दुपारी दुसरी, संध्याकाळी एका सोसायटीत पोरं. बॉलची जाळी खांद्यावर घेऊन लोकलनं. गर्दीच्या वेळी सरळ लगेजच्या डब्यात चढतो, तिथे मासळीच्या पाट्या आणि माझे बॉल. एका मावशीनं एकदा विचारलं, "केवढ्याला देतोस?" मी म्हटलं विकायचे नाहीत. म्हणाल्या, "मग रोज कशाला वाहतोस?"

वूटनना वर्गात इतिहास शिकवायला मिळायचा हे वाचून बरं वाटलं आणि हेवाही वाटला. म्हणजे माणूस शाळेचा होता. पोरगं गणितात घसरतंय, घरी काही बिनसलंय, हे त्याला स्टाफरूममध्ये कळणार. मला कधी कळतं? पोरगं यायचं बंद होतं तेव्हा.

चष्मेबद्दूर_७८

शिट्टीवाले, जबरदस्त प्रतिसाद. वाखूसा (वाचनखूण साठवली).

प्राची_ठाणे

शिट्टीवाला यांच्याशी सहमत, पण पालक म्हणून दुसरी बाजू. मुलाच्या शाळेत तीन वर्षांत तीन कोच आले. आम्ही पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना पत्र दिलं की आधीच्याच सरांना ठेवा, वाटलं तर फी वाढवा. उत्तर आलं, "मॅनेजमेंटचा निर्णय आहे." मग आम्ही ते सर शनिवारी सोसायटीत बोलवायला लागलो. झालं काय, शाळेतली जी मुलं सोसायटीची फी भरू शकत नव्हती ती सुटली. आम्ही आमचं बघितलं, हे मला आतून टोचतं. पण दुसरं काय करायला हवं होतं तेही सुचत नाही.

दोनटाकीवाला

आलो. दुकान बंद केलं.

तुम्ही सगळे शाळा-शाळा करताय. मुंबईत हा खेळ वाढला तो गल्लीत. नागपाडा. आमचा इलाका. १९२० च्या दशकात क्लिफर्ड मॅनशार्ड नावाच्या अमेरिकन पाद्र्यानं नागपाडा नेबरहूड हाउस काढलं. (टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली तिथेच सुरू झाली, मॅनशार्ड तिचे पहिले संचालक. हे दादर-पार्ल्याच्या लोकांना माहीत नसतं.) शेजारी मस्तान तलावाचं वायएमसीए. एवढ्याशा वस्तीत बास्केटबॉल असा रुजला की क्रिकेटला जागाच उरली नाही.

आणि तिथले कोच बच्चू खान. शाळा नाही, एजन्सी नाही. मोहल्ल्यातली पोरं पकडून कोर्टवर उभी करायची. त्यांच्या तालमीतली पोरं भारताकडून खेळली. आमच्या नागपाड्याचे गुलाम अब्बास मुंतसिर भारताचे कप्तान झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना. आज महापालिकेचं मैदान आहे, बच्चू खान यांच्या नावाचं. संध्याकाळी या कधी. पोरं खेळत असतात, बाहेर लोक चहा घेऊन उभे, आणि प्रत्येकजण कोच. आमच्याकडे बॉल चुकीचा पास झाला तर समोरच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरून आवाज येतो.

निनादभाई, मैदानाला नाव लागलं ना, तो हिशेब झाला. कप कोण विचारतो.

शिवाजीपार्ककर

नागपाड्याबद्दल नवीन माहिती, धन्यवाद. पण दोनटाकीवाले, तुम्हीसुद्धा शेवटी कप्तान आणि अर्जुन पुरस्कारच सांगितलात. म्हणजे माझाच हिशेब.

दोनटाकीवाला

😀 पकडलं. पण मैदान आधी सांगितलं मी.

मास्तर_निवृत्त

मी मराठी माध्यमाच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. एक गोष्ट या चर्चेत कुणी बोलत नाही. मुंबईत शालेय बास्केटबॉल हा प्रामुख्याने कॉन्व्हेंट आणि मोठ्या फीच्या शाळांचा खेळ राहिला. माटुंग्याची डॉन बॉस्को घ्या, किंवा इंडियन जिमखान्यावरची रामू स्मृती स्पर्धा बघायला जा, आपल्या मुलांचं प्रमाण लक्षात येईल. आमच्या शाळेला मैदान म्हणजे दोन इमारतींमधली फरशी. तिथे खो-खो होतो, लंगडी होते, कबड्डी होते. दहा फुटांवर रिंग लावायची तर खांब रोवायला परवानगी, आणि दुसऱ्या बाजूला पहिल्या मजल्यावरच्या वर्गाच्या काचा. आमच्याही शाळेत क्रीडाशिक्षक होते, उत्तम खो-खो शिकवायचे. त्यांच्यावर धागा कोण काढणार?

विदुला_दादर

सर, काढा ना तुम्हीच. वाचायला आवडेल. पण आमची शाळा मराठी माध्यमाचीच होती आणि आम्ही त्या तळ्याच्या कोर्टवर बास्केटबॉलच खेळायचो. तेव्हा "आपली मुलं" आणि "त्यांचा खेळ" अशी सरळ फाळणी नको.

मास्तर_निवृत्त

मान्य. तुमच्या सरांसारखा माणूस मिळाला की होतं. माझा रोख व्यवस्थेवर होता, व्यक्तीवर नाही.

बॅकबेंचर_बंड्या

आमच्या शाळेत पीटीच्या तासाला गणिताच्या बाई यायच्या. पोर्शन राहिलाय म्हणून. दहावीत तर पीटीचे सर स्वतःच बाईंना खडू आणून द्यायचे.

आणि तिकडे कॅलिफोर्नियात रिचमंड हायस्कूलचे केन कार्टर. जानेवारी १९९९, संघ १३ पैकी १३ जिंकलेला, आणि ह्या माणसानं जिमला कुलूप लावलं. का तर पोरांचे मार्क कमी. मॅच रद्द, सराव रद्द, सगळे लायब्ररीत चला. पालक चिडले, गाव चिडलं, कुलूप निघेना. आपल्याकडे उलटं, मार्क चांगले असले तरी कुलूप.

प्राची_ठाणे

बंड्या 😂 पण आपल्याकडे दहावीला क्रीडा गुण असतात त्यामुळे दुसराच प्रकार चालतो. मुलाच्या वर्गातले काही पालक नववीत अचानक विचारायला लागले, "जिल्ह्याच्या संघात घ्याल का, खेळला नाही तरी चालेल." त्यांना प्रमाणपत्र हवं होतं, बॉल नको.

शिट्टीवाला

दरवर्षीचं आहे हे. बारा जणांच्या संघात शेवटच्या दोन जागांवर सगळ्यांचा डोळा. मी नाही म्हटलं तर फोन मॅनेजमेंटला जातो. मागच्या वर्षी एका शाळेनं मला थांबवलं त्यामागे हेही एक कारण होतं असं मला वाटतं, पुरावा नाही.

कुर्ला_टर्मिनस

धागा फार गोग्गोड चाललाय म्हणून कडू लिहितो.

करीमचं नाव वर आलंय. त्या १९६५ च्या सामन्यात समोरच्या बाकावर बसलेले त्याचे कोच जॅक डोनोह्यू. करीमचा त्यांच्यावर फार जीव होता. आदल्या वर्षी एका सामन्याच्या मध्यंतरात, पोरगा नीट खेळत नाही म्हणून, त्यांनी त्याला काळ्या माणसांना दिली जाते ती सगळ्यात घाण शिवी वापरून सुनावलं. संघ जिंकला, कोचना वाटलं युक्ती चालली. करीमनं ते पुढे स्वतः लिहिलंय. मनात किती वर्षं ठेवलं तेही. नंतर दोघांचं जुळलं, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. डोनोह्यू पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय संघाचे कोच झाले, दोन ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. सन्मान भरपूर मिळाले.

मी पण खेळायचो. आमचे सर मला माझ्या वस्तीच्या नावानं हाक मारायचे. संघात एकट्यालाच. बाकीच्यांना नाव, मला वस्ती. चुकलो की "तिकडचेच संस्कार". संघ जिंकत होता, मी पॉइंट्स करत होतो, कुणालाच काही वावगं वाटलं नाही. अकरावीत मी खेळणं सोडलं. त्या सरांचा मोठा सत्कार झाला, फोटो आले ग्रुपवर, मी अंगठा दाखवला आणि फोन ठेवला. तेव्हा वारसा मोजताना सोडून गेलेली पोरं पण मोजा.

विदुला_दादर

वाचून गप्प झाले. लिहिलंत ते बरं केलंत.

चष्मेबद्दूर_७८

कुर्ला, वाईट वाटलं. पण थोडं कडक बोलल्याशिवाय पोरं ऐकत नाहीत हेही खरं ना? अमोल यांनी लिहिलेले हर्लीसुद्धा जबरदस्त ओरडणारे म्हणून प्रसिद्ध. आमच्या सरांनी आम्हाला लाइनवर इतके स्यूसाइड (एका रेषेपासून दुसरीपर्यंत पळत जाऊन परत येणं) मारायला लावले की उलट्या झाल्या, तरी आम्ही त्यांच्या नावानं शपथ घेतो.

कुर्ला_टर्मिनस

पळवणं वेगळं. मीही पळालोय, सगळ्यांबरोबर. ओरडणं पण चालतं, "डोळे उघडे ठेव गाढवा" सगळ्यांनाच पडायचं. मी म्हणतोय ते तुम्हाला कधी पडलं नसेल म्हणून कडक आणि हे एकच वाटतंय.

शिट्टीवाला

कुर्ला भाऊ, मी कोर्टवर ओरडतो. आज संध्याकाळी ओरडताना तुमचं आठवणार आहे मला. पोरांना टोपणनावं ठेवायची आमच्या धंद्यात सवयच असते, लांब्या, जाड्या, चष्मा.

चष्मेबद्दूर_७८

🙂

बरं कुर्ला, मुद्दा पोचला.

पावभाजी_प्रेमी

वातावरण तंग झालंय. मायकेल जॉर्डनला शाळेच्या संघातून काढलं होतं ती गोष्ट कुणी सांगितलीच नाही अजून? कोचनं काढलं, तो रडला, जिद्दीनं पेटला वगैरे. दर क्लासच्या जाहिरातीत असते.

जर्सीसिटीकर_अमोल

काढलं नव्हतं हो. १९७८, विल्मिंग्टनची लेनी हायस्कूल. जॉर्डन दहावीत, उंची पाच फूट दहा इंच. मोठ्या संघाला उंच खेळाडू हवा होता, सहा फूट सात इंचांचा लिरॉय स्मिथ घेतला, जॉर्डनला ज्युनियर संघात ठेवलं. तिथे त्याला भरपूर खेळायला मिळालं, मोठ्या संघात बाकावर बसला असता. कोच म्हणून निर्णय बरोबरच होता. पण बिचाऱ्या कोचची ओळख जगभर काय, तर "ज्यानं जॉर्डनला नाकारलं तो". जॉर्डननं २००९ च्या हॉल ऑफ फेम समारंभाला लिरॉय स्मिथला मुद्दाम बोलावलं होतं.

निनाद, कारकीर्द मोजायचा हाही एक प्रकार बघा.

मास्तर_निवृत्त

अवांतरात अवांतर. या खेळाचे जनक नेस्मिथ. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला पीचच्या टोपल्या टांगून ज्यांनी खेळ सुरू केला, ते पुढे कॅन्सस विद्यापीठात कोच होते. ५५ विजय, ६० पराभव. तिथल्या कोचांमध्ये जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त असलेले ते एकटेच. आमच्या निनादरावांच्या ग्रुपवर त्यांचंही मानपत्र अर्ध्या पानात आटोपलं असतं.

निनाद_गिरगाव

मास्तर, हे मी चोरणार आहे. मानपत्रात घालतो.

प्राची_ठाणे

आमचा मुलगा ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोमला एनबीएचा (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) सामना बघून आला होता, शाळेच्या संघाबरोबर. सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत बहुतेक शाळेचीच मुलं होती. पेसर्स जादा वेळेत एका गुणानं जिंकले, १३२-१३१. घसा बसवून घरी आला. मी विचारलं काय आवडलं, तर म्हणाला, सरांना एवढं खूश कधी बघितलं नव्हतं. ते तीन कोचांपैकी पहिले सर.

जर्सीसिटीकर_अमोल

किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचेच. मुलीच्या शाळकरी संघाचे कोच होते एकेकाळी, स्वतः हा खेळ फारसा न खेळता. पोरी उंच नव्हत्या, फार शॉट पडायचे नाहीत, म्हणून सगळा वेळ पूर्ण कोर्टभर दबाव, समोरच्यांना बॉल अर्ध्या रेषेपलीकडे न्यायलाच मुश्किल. मजल राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेली. समोरचे कोच चिडायचे म्हणे.

शिट्टीवाला

बारा वर्षांच्या पोरींवर पूर्ण सामना फुल कोर्ट प्रेस? मीही चिडलो असतो. त्या वयात ज्याला नीट ड्रिबल येत नाही त्याला दाबून जिंकणं सोपं असतं. पण मग दोन्हीकडच्या पोरी खेळ कधी शिकणार? माझ्याकडून कप जातात ते याच हट्टापायी. मॅनेजमेंटला समजावून सांगता येत नाही.

निनाद_गिरगाव

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. आता मूळ प्रश्नाकडे.

काल सरांच्या घरी गेलो होतो, फोटो मागायला. ट्रॉफ्या शाळेत, घरी काहीच नाही. कपाटातून त्यांनी स्कोअरशीटचे गठ्ठे काढले. प्रत्येक सामन्याची शाळेच्या वाट्याची प्रत, वर्षावार दोऱ्यानं बांधलेली. हरलेल्या सामन्यांची जास्त, अर्थात. मागच्या बाजूला पेन्सिलीनं नोंदी. माझ्या वर्षाचा गठ्ठा मिळाला. माझ्या नावापुढे लिहिलंय: "चौथा फाउल करून आला की हसतो. घाबरलेला असतो. तेव्हा बाहेर घ्यावा." मला ते माहीत नव्हतं. सर मला नेहमी त्याच वेळी बाहेर का घ्यायचे म्हणून मी शाळाभर त्यांच्यावर डूख धरून होतो.

सरांना कुर्ला_टर्मिनस यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका मुलाचं नाव विचारलं, तो येणार आहे का समारंभाला. तो ग्रुपवर नाहीये. शोधतोय.

"टिकला म्हणून मोठा" हे माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. ह्या नोंदी एक-दोन वर्षांच्या कंत्राटावर कोण ठेवेल? शिट्टीवाले, तुम्ही ठेवता का?

शिट्टीवाला

ठेवतो. फोनमध्ये. एजन्सी बदलली की त्या शाळेच्या पुढच्या कोचला पाठवतो, तो वाचतो की नाही देव जाणे. आतापर्यंत एकाच्याच दोन निळ्या टिका आल्या.

शिवाजीपार्ककर

निनाद, ते गठ्ठे स्कॅन करा. ताबडतोब. मुंबईत कागदाला वाळवी आणि ओल दोन्ही लागतात. माझ्याकडे चांगला स्कॅनर आहे, शनिवारी आणून द्या. क्रिकेटवाल्याकडून एवढं तरी घ्या.

निनाद_गिरगाव

देतो! फोन नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शिट्टीवाला

जमलेच आहात तर एक काम. रविवारी सकाळी माझ्या चौदा वर्षांखालच्या मुलींचे मैत्रीपूर्ण सामने आहेत, टेबलवर बसायला माणसं कमी आहेत. एक स्कोअरशीटला, एक शॉट क्लॉकला (शॉट मारायला उरलेली वेळ दाखवणारं घड्याळ). पैसे नाहीत, वडापाव आहे. कोण येतंय?

विदुला_दादर

स्कोअरशीट माझ्याकडे. आईला पण आणते, पण रेफरीला आधी कल्पना देऊन ठेवा.

पावभाजी_प्रेमी

शॉट क्लॉक मी. चोवीस सेकंद मोजता येतात मला.

शिट्टीवाला

रिंगला लागून बॉल परत आपल्याच हातात आला तर चौदावर आणायचं, चोवीसवर नाही. आठला या, दाखवतो.